धुराड्याकडे लक्ष ठेवा

हिमाचलातल्या केलाँगमधला तो आमचा पहिला हिवाळा. नवऱ्याची बदली झाली आणि साताऱ्याहून थेट दहा हजार फुटांवर आलो. जानेवारीत सलग दोन दिवस बर्फ पडला. वीज गेली, नळ गोठले. आधार एकच, खोलीतला लोखंडी तंदूर. इथे लाहौलमध्ये लाकडं जाळायच्या शेगडीला तंदूरच म्हणतात. त्याचा पत्र्याचा पाइप छतातून वर जातो. वारा येऊ नये म्हणून मी खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या, दाराशी घोंगडी लावली.

दुपारी डोकं ठणकायला लागलं, मग मळमळ. लेकही म्हणाली, "आई, माझं पण डोकं दुखतंय." उंचीमुळे होत असेल असं समजून दोघी पांघरुणात शिरलो. तंदुरात नुसते निखारे उरले होते. धूर नव्हता, म्हणून शंकाही आली नाही.

घरमालक चाचा छतावरचा बर्फ लोटायला चढले होते. आमच्या पाइपाचं तोंड बर्फाने बुजलेलं त्यांना दिसलं आणि ते धावत खाली आले. दार वाजलेलं मला ऐकू आलं, पण पायांत उठायचं बळ नव्हतं. त्यांनीच दार ढकलून आम्हाला बाहेर ओढलं. इस्पितळात ऑक्सिजन लावल्यावर लेकीने डोळे नीट उघडले. तो क्षण आठवला की आजही हात कापतात.

खोलीत कोंडला होता तो कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून आपली मंडळीही भर हिवाळ्यात सिस्सू-केलाँगला येतात. त्यांना कळकळीने सांगते:

- बर्फ पडला की आधी धुराडं मोकळं करा. मुक्कामाला आला असाल तर यजमानांना तसं विचारा. त्यात संकोच कसला?
- कितीही थंडी असो, खिडकी दोन बोटं उघडी ठेवा. निखारे खोलीत ठेवून झोपू नका. बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म जवळ बाळगा.
- घरात एकाहून अधिक जणांचं डोकं एकदम दुखू लागलं, तर आधी सगळे बाहेर पडा. मग डॉक्टर गाठा.
- गाडी बर्फात अडकली तर सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढल्याशिवाय इंजिन चालू करू नका. चालू केलंत तरी थोडाच वेळ, काच किंचित खाली ठेवून. आणि बर्फ पडत असेल तर दर वेळी सायलेन्सर पुन्हा पाहा. २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसं दगावली.
- फावडं घराच्या आत ठेवा. बाहेर ठेवलेलं फावडं बर्फाखाली जातं आणि दारही अडतं.

थंडीला गरम कपडे आहेत, कोंडलेल्या हवेला उपाय एकच, तिला वाट द्यायची. आता बर्फ पडला की सकाळी मी आधी बाहेर येते आणि गल्लीतली धुराडी बघते. ज्याच्या धुराड्यातून धूर नाही, त्याचं दार वाजवते.