सॉफ्टवेअर झिजतं का?

प्रश्न : २०१० च्या गुढीपाडव्याला घेतलेला डेस्कटॉप आमच्याकडे अजून आहे. विंडोज ७. मुलं पुण्याला गेली, आता तो मी एकटाच वापरतो. सोसायटीचे हिशेब, पत्रं, थोडं इंटरनेट. डेटा संपतो म्हणून विंडोजचे अपडेट पहिल्यापासून बंद ठेवले. दर रविवारी धूळ पुसतो, रात्री आठवणीनं बोर्डाचं बटण बंद करतो. तरीही वर्षभरात त्यानं रंग दाखवायला सुरुवात केली आहे. सकाळी चालू करावा तर तारीख १ जानेवारी २००९. निम्म्या वेबसाइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतात. काही उघडतात, पण बटण दाबलं तर ढिम्म हलत नाहीत. रुपयाच्या चिन्हाच्या जागी चौकोन दिसतो. दुरुस्तीला आलेला मुलगा म्हणाला, "काका, सॉफ्टवेअर जुनं झालं." पंख्याचं बेअरिंग झिजतं, चपलेचा तळ झिजतो. सॉफ्टवेअर कसं झिजेल? कंपनीनं हात वर केले म्हणून आतला मजकूर बदलतो का?
– एक वाचक, वाई

उत्तर : मजकूर बदलत नाही. त्या मुलापेक्षा तुमचंच बरोबर आहे. डिस्कवर एखादी खराब जागा पडली नसेल, तर २०१० च्या पाडव्याला तिच्यावर जे लिहिलेलं होतं ते आजही जसंच्या तसं आहे.

मग बिघडलं काय? साडीच्या घडीत विसरलेली हजाराची जुनी नोट आठवा. कोरी करकरीत, कुठे डाग नाही, तार जागेवर. पण ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीनंतर वाण्यानं ती हातात घेतली नाही. नोट होती तशीच होती, तिच्यामागचा शब्द मागे घेतला गेला होता. सॉफ्टवेअर असंच दुसऱ्यांच्या शब्दावर चालतं. घड्याळ बरोबर वेळ सांगेल, वेबसाइट ओळखीच्या भाषेत बोलेल, अमुक सहीवर सगळे विश्वास ठेवतील, असं शेकडो गोष्टींत गृहीत धरून ते लिहिलेलं असतं. पुढे एकेक गृहीतक सुटत जातं, आणि आपल्याला वाटतं यंत्र म्हातारं झालं.

तुमची पहिली तक्रार मात्र खरोखर झिजेची आहे, फक्त ती सॉफ्टवेअरची नाही. मदरबोर्डावर रुपयाएवढी एक चपटी बॅटरी असते, सीआर २०३२, तीन व्होल्टची. संगणक बंद असताना घड्याळ चालतं ते तिच्यावर. भिंतीवरचं बटण चालू असेल तर हे घड्याळ विजेवर चालतं आणि बॅटरीला विश्रांती मिळते. तुम्ही रोज रात्री आठवणीनं बटण बंद करता, म्हणजे रोज रात्री तिला कामाला लावता. (वीज वाचवू नका असं मी म्हणत नाही. बॅटरी लवकर का संपली, एवढंच सांगतो.) ती संपली की घड्याळ कारखान्यात भरलेल्या तारखेवर जातं, तुमच्याकडे ती १ जानेवारी २००९ असणार.

आता ही चुकीची तारीख वेबसाइटपर्यंत कशी पोचते ते बघा. कुलपाचं चिन्ह दाखवणारी प्रत्येक वेबसाइट ब्राउझरला आपलं प्रमाणपत्र दाखवते. त्यावर 'या दिवसापासून या दिवसापर्यंत वैध' असं लिहिलेलं असतं, आणि ही मुदत हल्ली फार थोडी, कित्येकदा ९० दिवसांचीच असते. तुमचा संगणक मनानं २००९ सालात आहे. त्याच्या दृष्टीनं ही सगळी प्रमाणपत्रं अजून जन्माला यायची आहेत, म्हणून तो दार लावून घेतो. बॅटरी बदला, तारीख नीट करा, आणि बऱ्याचशा साइट त्याच संध्याकाळी उघडतील.

सगळ्या नाही. कारण प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याचंही प्रमाणपत्र असतं, त्याच्यावर आणखी वरच्याची सही. तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार अशी ती उतरंड आहे. सगळ्यात वरच्या सह्यांचे नमुने संगणकात आधीच भरलेले असतात आणि त्यांनाही मुदत असते. ३० सप्टेंबर २०२१ ला, आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात होत असताना, अशी एक वरची सही संपली. लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था फुकट प्रमाणपत्रं देते, जगातल्या असंख्य साइट तिच्यावर चालतात, आणि जुनी यंत्रं तिला ओळखत होती ती या सहीमुळे. नव्या संगणकांत नव्या सहीचा नमुना अपडेटमधून आधीच पोचला होता. ॲपलच्या एल कॅपिटान आणि त्याआधीच्या प्रणालींवर चालणाऱ्या मॅकमध्ये तो पोचलाच नव्हता. त्या मॅकवर दुपारी चाललेल्या साइट रात्री चालेनात.

ॲपलच्याच बाबतीत याहून गमतीचा प्रकार २०१९ साली घडला. लोकांनी जपून ठेवलेले जुन्या मॅकओएसचे इन्स्टॉलर २४ ऑक्टोबरनंतर 'ही प्रत खराब झाली आहे' असं सांगू लागले. प्रत धडधाकट होती, तिच्यावरची सही तेवढी मुदतबाह्य झाली होती. उपाय काय, तर इन्स्टॉल करताना संगणकाची तारीख दोन-तीन वर्षं मागे न्यायची. तुमच्या यंत्राचं घड्याळ खोटं बोलतं म्हणून काम अडलं, तिथे ते खोटं बोलल्याशिवाय काम होईना.

बटण दाबून काही होत नाही, ते वेगळं दुखणं. वेबसाइट म्हणजे ब्राउझरला दिलेल्या सूचनांचं पान, आणि त्या सूचनांत दरवर्षी नवे शब्द येतात. विंडोज ७ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती. २०२३ च्या फेब्रुवारीत आलेल्या ११० पासून विंडोज १० लागतं. तुमचा क्रोम तिथे थांबला, साइट लिहिणारे पुढे गेले. ज्या ओळीत अनोळखी शब्द येतो तिथे ब्राउझर अडखळतो, आणि ती ओळ बटणाची असेल तर बटण मुकं होतं. तुम्ही जर टास्कबारवरचा निळा 'ई', म्हणजे विंडोज ७ सोबत आलेला इंटरनेट एक्सप्लोरर ८ वापरत असाल, तर अडचण त्याच्याही आधी येते. साइटशी गुप्त बोलण्याची टीएलएस ही जी पद्धत आहे, तिची १९९९ सालची पहिली आवृत्ती आता जवळपास कुणी स्वीकारत नाही. २००८ ची १.२ ही आवृत्ती विंडोज ७ ला येते, पण ती बंद करून ठेवलेली होती. येत असूनही न बोलणारी माणसं आपल्याकडेही असतात.

आता चौकोन. हा माझा आवडता प्रश्न आहे. पाडवा होता मार्चमध्ये. केंद्र सरकारनं रुपयाचं चिन्ह स्वीकारलं १५ जुलै २०१० ला, आणि युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांच्या जागतिक अक्षर-यादीत, त्याला जागा मिळाली त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. तुमचा संगणक रुपयाच्या चिन्हापेक्षा चार महिन्यांनी मोठा आहे! त्याच्या फॉन्टमध्ये ते असणार कुठून? मायक्रोसॉफ्टनं नंतर त्यासाठी खास अपडेट दिला होता, पण तुमच्याकडे अपडेट बंद. फॉन्टमध्ये नसलेल्या अक्षराच्या जागी चौकोन काढायचा, ही संगणकाची जुनी प्रामाणिक सवय आहे.

असाच एक चौकोन मी जवळून पाहिला आहे. ओळखीच्या एका छापखान्यात विंडोज एक्सपीवर पेजमेकर चालायचा. मागच्या प्रिंटर पोर्टला फॉन्टचं डोंगल, काडेपेटीएवढं, आणि ते हलू नये म्हणून त्याला रबरबँड. लग्नपत्रिकेचा मजकूर मेलवर आला. नवरदेव वकील. पडद्यावर 'चि.' पुढे एक रिकामा चौकोन, मग 'ड.', मग नाव. छापखान्याचे मालक बराच वेळ टक लावून बघत होते. "मुलाच्या नावाआधी खिडकी का काढलीय?" 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८ साली आणि एक्सपी आला २००१ साली. त्याला हे अक्षर माहीतच नव्हतं. मालकांनी 'अ' लिहून वर अर्धचंद्र दिला आणि पत्रिका छापली. ते जुनं जोडकाम आजही कित्येक मजकुरांत आहे. 'ॲप' दोन तऱ्हांनी लिहिता येतं, डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. शोधताना एक सापडतो, दुसरा नाही. मराठीत शोध घेणाऱ्या कुणीही हे एकदा करून पाहावं.

काही दोष मात्र जन्मापासूनच आत असतात आणि वेळ आली की उगवतात. विंडोज ९५ आणि ९८ सलग चालू ठेवलं तर ४९ दिवस १७ तासांनी गोठायचं. आतला मिलिसेकंदांचा मोजणीकाटा ४,२९,४९,६७,२९६ या आकड्याला पुन्हा शून्यावर यायचा. हे सापडायला वर्षं गेली, कारण विंडोज ९५ न अडकता सलग ४९ दिवस चालवणारा माणूस आधी सापडायला हवा होता. पुढची तारीख ठरलेली आहे : १९ जानेवारी २०३८, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणाऱ्या जुन्या ३२-बिट प्रणालींचं मापटं त्या क्षणी भरेल, आणि पुढच्या सेकंदाला त्या डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडतील.

राहिला कंपनीनं हात वर केल्याचा मुद्दा. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला. म्हणजे काय, तर वर सांगितलेल्या सुटलेल्या धाग्यांना गाठ मारणारा माणूस कामावरून गेला. दहा वर्षं सांभाळलं, हे मला कमी वाटत नाही. टीएलएसची जुनी आवृत्ती गेली याचा दोषही मी त्यांना देणार नाही. तिच्यात भोकं होती. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर हवा, ही अट घातली गेली. त्या अटीमुळे चांगले चालणारे असंख्य संगणक मोडीत जाण्याच्या रांगेत उभे राहिले. ही झीज नाही, हा धोरणाचा निर्णय आहे आणि मला तो पटलेला नाही. २०१८ च्या मार्चमध्ये तर विंडोज ७ चा आधार चालू असतानाच आलेल्या अपडेटनं पेंटियम ३ वाली यंत्रं बंद पडू लागली. दुरुस्ती करतो असं आधी कळवलं गेलं, आणि काही महिन्यांनी त्याच जागी 'संगणक नवा घ्या' असा सल्ला आला.

म्हणून तुमचे अपडेट बंद ठेवणं शहाणपणाचं ठरतं का? तेही नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम जगभर पसरला, ब्रिटनमधल्या रुग्णालयांचं काम थांबलं. सगळे एक्सपीला दोष देत होते, मायक्रोसॉफ्टनं तर एक्सपीसाठी अपवाद करून दुरुस्ती काढली. नंतर हिशेब लागला तेव्हा बळी पडलेली बहुतांश यंत्रं विंडोज ७ ची निघाली. त्यांची दुरुस्ती दोन महिने आधीच आलेली होती, फक्त कुणी घेतली नव्हती. तुमच्यापुढे याहून मोठी गंमत आहे. आज अपडेट चालू करायचं ठरवलंत तरी ते सरळ होणार नाही. २०१९-२० मध्ये मायक्रोसॉफ्टनं सहीची पद्धत बदलली. नवी पद्धत ओळखायला काही अपडेट लागतात, आणि ते आत नसतील तर पुढचे येत नाहीत. ते आधी वेगळे उतरवून हातानं बसवावे लागतात.

तर करायचं काय? हिशेब आणि पत्रांसाठी हे यंत्र आणखी काही वर्षं चालेल. इंटरनेटची वायर काढून ठेवलीत तर निर्धास्त. इंटरनेट हवंच असेल तर फायरफॉक्सची ११५ ही दीर्घ मुदतीची शाखा विंडोज ७ वर चालते. ती ११५.१३ किंवा त्यापुढची असू द्या, कारण तिच्या आधीच्या आवृत्त्यांतली एक सही मार्च २०२५ मध्ये संपली. धाडस असेल तर विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट ही प्रणाली पेन ड्राइव्हवर घालून, डिस्कला हात न लावता आधी चालवून पाहा. पुण्याहून मुलगा आला की त्याला या कामाला बसवा. बँकेचा व्यवहार मात्र त्या विंडोज ७ वर करू नका, काही झालं तरी.

आणि सगळ्यात आधी ती बॅटरी. वायर भिंतीतून काढा, कॅबिनेटचा बाजूचा पत्रा उघडा, खोबणीत बसलेली चकती कडेची पट्टी दाबली की वर उडी मारते. नवी घालताना अधिकचं चिन्ह वर. मग चालू करून तारीख एकदाच भरा, बोर्डाचं बटण बंद करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय दिसतं ते मला कळवा. घरी नातवंडं येत असतील तर जुनी चकती टेबलावर ठेवू नका. ती गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.