निवडुंगाचे खेळ आणि लेकरांची बोटे

तीन ते सहा वर्षांच्या लेकराला लिहिता येत नाही म्हणून घरात ओरडा करू नये. लिहिण्याआधी बोटे तयार व्हावी लागतात. अंगठा आणि दोन बोटांची चिमूट जमली की पेन्सिल नीट धरता येते. हा सराव न मिळालेले मूल पहिलीत अडखळते आणि त्याच्यावर ‘मठ्ठ’ असा शिक्का बसतो. आपल्या लेकरांवर हा शिक्का बसू द्यायचा नाही. त्यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. वस्तीतल्या मुलांसोबत आम्ही निवडुंगाचे खेळ घेतो, ते तुम्हीही घ्या.

काटे लावा : चिकणमातीचा किंवा कणकेचा लिंबाएवढा गोळा घ्या. हा झाला निवडुंग. काडेपेटीतल्या काड्यांचे गुल आधी मोठ्यांनी काढून फेकावे. मुलाने एकेक काडी चिमटीत धरून गोळ्यात खोचावी आणि मोजावे. पंचशील म्हणताना जसे पाच मोजतो, तसे आधी पाच काटे. मग दहा.

हाताचा निवडुंग : पाटीवर मुलाचा पंजा ठेवून भोवती खडू फिरवा. त्या आकारावर त्याने छोट्या रेघांचे काटे काढावेत.

काटा लागू देऊ नका : चार मुले हात वर करून निवडुंग होतात. बाकीच्यांनी त्यांना न शिवता मधून चालायचे. तोल सांभाळणे, थांबणे आणि आपली पाळी येईपर्यंत वाट पाहणे यातून येते.

पाणी कुठे टिकते? : सारख्या आकाराची दोन फडकी भिजवा. एक पसरून ठेवा, दुसऱ्याची घट्ट गुंडाळी करा. थोड्या वेळाने मुलांना हात लावून पाहू द्या. पसरलेले आधी वाळते. निवडुंगाने पसरट पानांऐवजी काटे धरले आणि पाणी जाड खोडात साठवले, ते याचसाठी. उत्तर आधी सांगू नका. ‘असे का झाले?’ हे मुलांनाच विचारा. तपासून पाहून मग मानावे, ही बुद्धांची शिकवण इथूनच रुजते.

एवढी काळजी घ्या : खऱ्या निवडुंगाशी मुलांना खेळू देऊ नये, तो लांबूनच दाखवावा. फड्या निवडुंगाचे केसांसारखे बारीक काटे कातडीत रुततात. हाताने चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढा, मोठा काटा चिमट्याने काढा आणि जागा साबणाने धुवा. त्रिधारी निवडुंग आणि शेर यांचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर इजा होते. डोळा लगेच स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवा आणि दवाखाना गाठा. डोळ्यात दूध, तूप किंवा कसलाही रस घालू नका. काट्याच्या जखमेतून धनुर्वात होऊ शकतो. म्हणून पाच-सहा वर्षांचा लसीचा डोस राहिला असेल तर आशाताईंना लगेच विचारा. तीन वर्षांखालील मुलाजवळ काड्या ठेवू नका. ती तोंडात घालतात.

रोज पंधरा मिनिटे पुरेत. आई कामावर असेल तर बाबांनी, आजोबांनी किंवा मोठ्या भावाने बसावे. रविवारी विहारात वंदना झाल्यावर सगळ्या मुलांना एकत्र बसवून हे खेळ घ्या. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश पाळायला पहिली इयत्ता यायची वाट कशाला पाहायची?

जय भीम!