यात्रेकरूची एक पिशवी : काय घ्यावे, काय घरी ठेवावे



राधानगरी परिसरात येणारा यात्रेकरू बहुधा एकच दर्शन घेऊन परतत नाही. कोल्हापूरची श्रीअंबाबाई, वाडी रत्नागिरीचा श्रीजोतिबा, नृसिंहवाडीचे श्रीदत्त, आदमापूरचे श्रीबाळूमामा आणि मग राधानगरी, अशी दोन-तीन दिवसांची साखळी पुष्कळ कुटुंबे धरतात. काही जण येथून दाजीपूरमार्गे फोंडा घाट उतरून कोकणात जातात. या साखळीत मुक्काम बदलतो, गाडी बदलते, कोठे पायऱ्या असतात, कोठे घाट उतरावा लागतो, तर कोठे तासभर रांगेत उभे राहावे लागते. प्रत्येक ठिकाणी सामान आपल्याबरोबर असते. घरून निघताना जड न वाटलेली बॅग तिसऱ्या ठिकाणी असह्य होते, आणि दर्शनाच्या वेळी चित्त देवाकडे न राहता बाहेर ठेवलेल्या सामानाकडे राहते. यास्तव एका व्यक्तीने स्वतःच्या खांद्यावर नेता येईल अशी एकच पिशवी कशी भरावी, याची माहिती येथे क्रमाने देत आहोत.

१. वारकऱ्यांनी घालून दिलेली वाट

मोजक्या सामानानिशी प्रवास करण्याचा सर्वांत मोठा वस्तुपाठ आपल्याकडे पंढरीच्या वारीत पाहावयास मिळतो. आळंदीहून निघणारा श्रीज्ञानेश्वर महाराजांचा पालखी सोहळा सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर पायी चालून आषाढी एकादशीस पंढरपुरी पोहोचतो. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी या सोहळ्यास शिस्तबद्ध स्वरूप दिले आणि त्यासाठी बेळगाव जिल्ह्यातील अंकली येथील शितोळे सरकार यांचे साहाय्य लाभले. सोहळ्यातील अश्व आजही अंकलीहून येतात.

या वारीत सामानाची जी विभागणी असते, ती लक्षात घेण्यासारखी आहे. अंथरुणाची वळकटी, कपड्यांची ट्रंक, राहुटी, शिधा व भांडी हे सर्व दिंडीच्या वाहनातून पुढच्या मुक्कामी जाते. पूर्वी हे काम बैलगाड्या करीत, आता ट्रक करतात. वारकऱ्याच्या अंगावर राहते ते दिवसभराच्या चालीस पुरेल तेवढेच: गळ्यात टाळ, खांद्यावर पताका किंवा डोईवर तुळशीवृंदावन आणि काखेस लहान पिशवी. म्हणजे वारकरी सामानाशिवाय चालतो असे नव्हे. कोणते सामान कोणी वाहायचे, हे त्याने आधी ठरविलेले असते.

हीच विभागणी आपणही करावी. सामानाचे तीन भाग कल्पावेत. पहिला भाग अंगावरचा: पैसे, ओळखपत्र, भ्रमणध्वनी व एका दिवसाची औषधे. दुसरा भाग पिशवीतला: वस्त्रे व नित्योपयोगी वस्तू. तिसरा भाग मुक्कामाच्या ठिकाणी मिळणारा: अंथरूण-पांघरूण, बादली, भांडी, पूजासाहित्य, नारळ व फुले. तिसऱ्या भागातील वस्तू घरून आणल्याने पिशवी जड होते. मुक्कामी काय मिळेल, हे निघण्यापूर्वी दूरध्वनीवरून विचारून घ्यावे. एका चौकशीने दोन-तीन किलो ओझे कमी होऊ शकते.

२. पिशवी कोणती व किती वजनाची

शाळकरी मुलांच्या दप्तराचे वजन शरीराच्या वजनाच्या एक दशांशाहून अधिक नसावे, असे केंद्र शासनाच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणात म्हटले आहे. यात्रेकरूनेही हेच प्रमाण धरावे. साठ किलो वजनाच्या व्यक्तीने सहा किलोंपर्यंत आणि वयस्कर व्यक्तीने त्याहूनही कमी ओझे घ्यावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हे हिशेबात धरण्यास विसरू नये.

रेल्वेच्या नियमांनुसार शयनयान वर्गात ४० किलो व द्वितीय वर्गात ३५ किलो सामान विनामूल्य नेता येते. तथापि नियमात बसते म्हणून ते खांद्यावरही बसते असे नाही. विमानाने येणाऱ्यांना देशांतर्गत प्रवासात हातातील पिशवीसाठी साधारण ७ किलोंची मर्यादा असते. हाच आकडा सर्वांनी कमाल मर्यादा म्हणून स्वीकारल्यास चूक होणार नाही.

पिशवी दोन्ही खांद्यांवर घेता येईल अशी पाठपिशवी असावी. चाकांची बॅग फलाटावर व विमानतळावर सोयीची असते, परंतु देवळाच्या पायऱ्या, नदीचा घाट किंवा चिखलाची वाट आली की ती उचलूनच न्यावी लागते. एका खांद्यावरच्या झोळीने थोड्याच वेळात मान व कंबर दुखू लागते. पाठपिशवीचे पट्टे रुंद व मऊ असावेत आणि रिकाम्या पिशवीचे वजन एक किलोच्या आत असावे. जड वस्तू पाठीलगत व मध्यभागी, हलकी वस्त्रे तळाशी आणि वारंवार लागणाऱ्या वस्तू वरच्या कप्प्यात ठेवाव्यात.

३. वस्त्रे

दोन रात्री व तीन दिवसांच्या यात्रेस अंगावरचा एक जोड व पिशवीतील एक जोड पुरेसा होतो. आंतरवस्त्रांचे दोन जोड अधिक घ्यावेत. रात्री धुतलेले वस्त्र सकाळी वाळलेले असणे, ही यातील मुख्य अट आहे. जाड सुती कापड पाणी धरून ठेवते व पावसाळी हवेत सावकाश वाळते. पातळ सुती किंवा टेरिकॉटचे मिश्र कापड लवकर वाळते. भगिनींनी भरजरी साडीऐवजी हलकी, चुरगळली तरी चालेल अशी साडी घ्यावी.

जाड टर्किश टॉवेल मुळीच आणू नये. त्याऐवजी पातळ सुती पंचे दोन घ्यावेत. पंच्याने अंग पुसता येते, तो डोक्यास गुंडाळता येतो, स्नानोत्तर नेसता येतो, उशीवर अंथरता येतो आणि वेळप्रसंगी त्यात प्रसाद बांधता येतो. एका वस्तूचे चार उपयोग होत असतील तर ती घ्यावी व एकच उपयोग असेल तर पुन्हा विचार करावा, हा नियम पिशवीतील प्रत्येक वस्तूस लावून पाहावा.

हिवाळ्यात या डोंगराळ भागात रात्री थंडी जाणवते. त्यासाठी एक स्वेटर व कानटोपी पुरते. सोलापुरी चादर उबदार खरी, परंतु ती जड असते. पांघरूण मुक्कामी मिळणार असल्यास ती घरीच ठेवावी.

४. पावसाळ्यातील विशेष काळजी

जून ते सप्टेंबर या काळात राधानगरी व दाजीपूर परिसरात पाऊस मुसळधार कोसळतो. या भागातील शेतकरी भातलावणीच्या वेळी डोक्यापासून पाठीपर्यंत इरले किंवा घोंगडीची खोळ घेतात. त्यामुळे पाठ झाकलेली राहते आणि दोन्ही हात कामास मोकळे राहतात. यात्रेकरूची गरजही हीच आहे. छत्रीने एक हात अडकतो, वाऱ्यात ती उलटते आणि पाठीवरची पिशवी भिजतेच. पिशवीसकट अंगावर घेता येईल असा सैल रेनकोट त्याहून उपयुक्त होय. वारकरी याच हेतूने मेणकापड पांघरतात. घोंगडी ओली झाली तरी ऊब देते, परंतु भिजल्यावर तिचे वजन फार वाढते. म्हणून प्रवासात ती टाळावी.

पिशवीच्या आत एक मोठी, जाड, पुनःपुन्हा वापरता येणारी पाणीरोधक पिशवी ठेवून त्यात कोरडे कपडे ठेवावेत. ओल्या कपड्यांसाठी दुसरी निराळी पिशवी असावी. पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, हे ध्यानात असू द्यावे.

पायताणाविषयीही एक सूचना. कोल्हापुरी चप्पल हे आपल्या जिल्ह्याचे भूषण आहे. परंतु चामडे पावसात पाणी शोषते, फुगते व खराब होते. पावसाळ्यात तळास खाच असलेले रबरी किंवा प्लास्टिकचे सँडल घालून यावे.

५. औषधे व कागदपत्रे

पिशवीतील इतर कोणतीही वस्तू विसरली तरी ती विकत मिळेल वा तिच्यावाचून चालेल. नित्याची औषधे मात्र याला अपवाद आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी बांधावयास घेतलेल्या राधानगरी धरणास ७ स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरले की ते आपोआप उघडतात आणि भोगावतीचे पाणी पुढे पंचगंगेस मिळते. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मधील महापुरांत कोल्हापूर जिल्ह्यातील अनेक मार्ग बंद पडले आणि पुणे-बंगळूर महामार्गावरील वाहतूकही काही दिवस थांबली. अशा वेळी यात्रेकरू जेथे असेल तेथेच अडकतो. म्हणून पावसाळ्यात येताना मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, दमा यांवरील औषधे ठरलेल्या दिवसांपेक्षा किमान तीन-चार दिवस अधिक पुरतील इतकी आणावीत. दोन-चार गोळ्यांच्या पट्ट्यांचे वजन नगण्य असते, पण त्यांच्यावाचून जिवावर बेतू शकते.

औषधे मूळ वेष्टनात असावीत व सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत असावी. इन्सुलिन उन्हात तापलेल्या वाहनात सोडू नये. सर्व औषधे एकाच ठिकाणी न ठेवता एका दिवसाची मात्रा अंगावर बाळगावी, म्हणजे पिशवी हरवल्यास तो दिवस तरी निभावतो. ओळखपत्राची छायाप्रत, नातेवाइकांचा दूरध्वनी क्रमांक व रक्तगट एका कागदावर लिहून पाणी लागणार नाही अशा रीतीने खिशात ठेवावा. भ्रमणध्वनी बंद पडला तर हाच कागद उपयोगी पडतो. वृद्धांच्या बाबतीत कुटुंबीयांनी याची विशेष दक्षता घ्यावी.

६. काय आणू नये

चहा-नाश्ता स्वतः करण्याच्या हेतूने स्टोव्ह किंवा लहान गॅस सिलिंडर बरोबर घेण्याची सवय काही यात्रा मंडळांत आढळते. रेल्वेत या वस्तू नेण्यास सक्त मनाई आहे. दिनांक २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई येथे उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या खासगी आरक्षित डब्यास आग लागून ९ जण मृत्युमुखी पडले. त्या डब्यात नियमबाह्य रीतीने गॅस सिलिंडर आणण्यात आला होता. चहाच्या एका कपासाठी एवढा धोका पत्करू नये. चार दशम्या, शेंगदाण्याची चटणी व भडंग यांवर एक दिवसाचा प्रवास सुखाने होतो, आणि त्यांना विस्तव लागत नाही.

विमानाने येणाऱ्यांनी उदबत्ती पेटविण्यासाठी काडेपेटी वा लायटर पिशवीत ठेवू नये. भ्रमणध्वनीची पॉवर बँक मात्र हातातील पिशवीतच ठेवावी लागते, ती सामानकक्षात देता येत नाही. मौल्यवान दागिने, स्टीलचे जड डबे व काचेच्या बाटल्या घरीच ठेवाव्यात. अलंकार घालून येण्यापेक्षा निर्धास्त मनाने दर्शन घेण्यात अधिक समाधान आहे.

७. परतीच्या प्रवासासाठी जागा

निघताना पिशवीचा चौथा हिस्सा रिकामा ठेवावा. परतताना प्रसाद, अंगारा, कोल्हापुरी गूळ किंवा आजऱ्याचा घनसाळ तांदूळ घेण्याचा मोह होतोच. गुळाची मोठी ढेप शेवटच्या मुक्कामी घ्यावी, पहिल्या नव्हे. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी उत्तरेतून वरसई या आपल्या गावी गंगेची कावड आणल्याची हकीकत आहे. दूरच्या यात्रेहून वाहून आणण्याजोगी वस्तू कोणती, याचा निर्णय त्या काळी लोक विचारपूर्वक करीत. आपणही तसाच करावा.

८. देणगीदारांस विनंती

संत गाडगेबाबांजवळ स्वतःचे असे एक गाडगे, एक खराटा व अंगावरच्या चिंध्या एवढेच सामान असे. त्याच बाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा क्षेत्रांत यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. या दोन गोष्टी एकमेकींस पूरक आहेत. क्षेत्राच्या ठिकाणी निवारा, स्वच्छ अंथरूण व पिण्याचे पाणी असले, तरच गरीब यात्रेकरू मोकळ्या पाठीने येऊ शकतो. यात्रेकरूची पिशवी हलकी असते, कारण त्याच्या वाटचे ओझे कोणीतरी आधीच उचललेले असते.

म्हणून वस्तुरूपाने दान करू इच्छिणाऱ्यांनी जड भांडी वा साहित्य प्रवासात बरोबर आणण्यापूर्वी देवस्थानच्या कार्यालयाशी संपर्क साधावा. कशाची उणीव आहे हे कळल्यावर तीच वस्तू येथील बाजारातून घेता येते, आणि दात्याच्या खांद्यावरचा भारही टळतो. एक चादर, एक सतरंजी किंवा पाण्याचे एक पिंप दिल्याने वर्षभरात कित्येक यात्रेकरूंच्या पिशवीतील तेवढे वजन कमी होते.

निघण्याच्या आदल्या रात्री भरलेली पिशवी पाठीवर घेऊन घराचा जिना दोनदा चढून-उतरून पाहावा. दम लागल्यास एक-एक वस्तू बाहेर काढावी. जी काढताना सर्वाधिक विचार पडेल, ती बहुधा निव्वळ सवयीने भरलेली असते.

आपली यात्रा निर्विघ्न व सुखाची होवो, ही सदिच्छा.

कार्यालयीन सचिव
राधानगरी, जि. कोल्हापूर