आधी 144, मग बिल

विंटरथूर

चि. सोनू यास,


झुरिचची नोकरी पक्की झाली आणि तुम्ही तिघं येताय, हे वहिनीने फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. घर कुठे बघायचं, छोटीची बालवाडी, तूरडाळ कुठे मिळते हे सांगायला तुला इथे बरेच जण भेटतील. मी एकाच गोष्टीबद्दल लिहिते आहे, कारण नवीन आलेल्या आपल्या मुलांची नेमकी तीच विचारायची राहून जाते. इथे ॲम्ब्युलन्सचे पैसे कोण भरतं?

आपल्याकडे 108 फिरवला की गाडी येते आणि कुणी पैसे मागत नाही. इथला नंबर 144. गाडी येते, त्यातली माणसं अतिशय तयारीची असतात, दारात कुणी कार्ड मागत नाही. मग काही दिवसांनी पोस्टाच्या पेटीत लिफाफा पडतो. आत एक कागद असतो. त्यावर मूळ आकार, किलोमीटरचे पैसे, रात्रीची किंवा रविवारची वेळ असेल तर जादा आकार, आणि खाली क्यूआर कोड असलेली भरणा-पावती. दर प्रत्येक कँटनमध्ये, म्हणजे इथल्या राज्यात, निराळे, पण बेरीज हजार फ्रँकच्या आगेमागे किंवा त्याहूनही वर गेली तर दचकू नकोस. आणि गाडी कुणीही बोलावलेली असो, बिल येतं ते गाडीतून गेलेल्या माणसाच्या नावाने.

आरोग्य विमा इथे सक्तीचा आहे. आल्यापासून तीन महिन्यांच्या आत प्रत्येकाला, छोटीलासुद्धा, कुठल्यातरी क्रांकेनकासेचा, म्हणजे आरोग्य विमा कंपनीचा, मूळ विमा घ्यावाच लागतो. 1996 पासून हा कायदा लागू आहे. मूळ विम्यात काय मिळतं हे कायद्याने ठरलेलं, त्यामुळे कंपनी कुठलीही घेतलीस तरी लाभ तेच. मात्र ॲम्ब्युलन्सच्या बाबतीत हा विमा अर्धाच हात देतो. डॉक्टरी दृष्टीने गरज असलेली वाहतूक असेल, म्हणजे माणूस बसने, ट्रेनने किंवा कुणाच्या गाडीने जाऊच शकत नव्हता, तर खर्चाच्या निम्मे, आणि तेही एका कॅलेंडर वर्षात फार तर 500 फ्रँक. जिवावर बेतलेल्या प्रसंगातून सोडवणूक असेल, डोंगरात अडकलेला माणूस किंवा हार्ट अटॅक, तर तेही निम्मेच, पण मर्यादा वर्षाला 5,000 फ्रँक आणि फक्त स्वित्झर्लंडच्या हद्दीत. या दोहोंपैकी आपली फेरी कशात बसली हे फोन करणारा ठरवत नाही. ते नंतर डॉक्टरांचे कागद बघून ठरतं.

आता फ्रांचीझेचं बघ. वर्षाच्या खर्चातली पहिली ठरावीक रक्कम आपण स्वतः भरायची, ती फ्रांचीझे. मोठ्यांसाठी 300 पासून 2,500 फ्रँकपर्यंत. जितकी मोठी घ्याल तितका हप्ता कमी, म्हणून तरुण मुलं डोळे मिटून 2,500 घेतात. त्यापुढच्या खर्चाचाही दहावा हिस्सा आपलाच, वर्षाला 700 फ्रँक होईपर्यंत. ॲम्ब्युलन्सच्या पैशांनाही हे दोन्ही लागू होतं.

समज, जानेवारीत 1,200 फ्रँकचं बिल आलं आणि ती साधी वाहतूक ठरली. निम्मे 600, पण मर्यादा 500, म्हणून विमा 500 धरणार. तुझी फ्रांचीझे 300 असेल तर त्यातून 300 वजा. उरलेल्या 200 चा दहावा भाग 20, तोही वजा. तुझ्या हातात 180 फ्रँक येतात आणि 1,020 तुझ्या खिशातून जातात. फ्रांचीझे 2,500 असेल तर हातात काहीच येत नाही, ते 500 नुसते फ्रांचीझेच्या खात्यावर चढतात. त्याच वर्षी हॉस्पिटलमध्ये राहावं लागलं तर फ्रांचीझे तशीही संपते आणि चित्र थोडं बरं दिसतं. पण 500 च्या मर्यादेबाहेरचे 700 कुठल्याही हिशेबात परत येत नाहीत.

मला हा नियम पटत नाही, आणि इतकी वर्षं इथे राहूनही पटलेला नाही. मोठ्या ऑपरेशनचा हजारोंचा खर्च उचलणारा विमा घरापासून हॉस्पिटलच्या दारापर्यंतच्या वाटेवर मात्र हात आखडता घेतो. याचा परिणाम मी बघितला आहे. आमच्या इमारतीतले एक आजोबा छातीत दुखत असताना टूथब्रश आणि चष्मा कापडी पिशवीत घालून बसने हॉस्पिटलात गेले. आदल्या वर्षीचं बिल त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. सुदैवाने वाचले. म्हणून तुला आधीच सांगते, म्हणजे तुझ्यावर किंवा सूनबाईवर असा विचार करायची पाळी येणार नाही.

अपघाताचं खातं वेगळं आहे आणि इथेच तुमच्या घरात फरक पडणार आहे. एका मालकाकडे आठवड्याला निदान आठ तास काम करणारा माणूस अपघात विम्यात आपोआप येतो, कामावरच्या अपघातासाठीही आणि सुट्टीतल्यासुद्धा. तुझ्या पगारपत्रकावर त्याची छोटी वजावट दिसेल. तू जिन्यावरून पडून पाय मोडलास तर देशातली आवश्यक ॲम्ब्युलन्स आणि सोडवणूक हा विमा पूर्ण भरतो. फ्रांचीझे नाही, दहावा हिस्सा नाही. सूनबाई त्याच जिन्यावरून पडली तर? तिला अजून नोकरी नाही, म्हणून तिचा अपघात आरोग्य विम्याकडेच जातो आणि निम्म्याचा तोच नियम लागतो. तेव्हा अर्ज भरताना नीट लक्ष दे. अपघाताचं कलम वगळा, हप्ता कमी होईल, असा पर्याय तिथे असतो. तू ते वगळ, कारण तुझी सोय मालकाकडून झालेली आहे. तिच्या आणि छोटीच्या अर्जावर ते चुकूनही वगळू नकोस. पुढे तू नोकरी सोडलीस तर पगार थांबल्यावर हे संरक्षण 31 दिवस चालतं, तेवढ्यात आरोग्य विम्यात ते कलम परत चालू करून घ्यायचं.

आणि ऑफिसात काम करताना हार्ट अटॅक आला तरी तो अपघात धरत नाहीत. तो आजारच, तिथे निम्म्याचाच नियम.

उरलेल्या निम्म्यासाठी पूरक विमा असतो, तो घे. मूळ विमा कंपनी कुणालाच नाकारू शकत नाही. पूरक विमा मात्र प्रकृतीची चौकशी करून नाकारू शकते. म्हणून तो धडधाकट असताना घ्यायचा, आजार निघाल्यावर फार उशीर झालेला असतो. प्रश्नावलीत काही लपवू नकोस. सूनबाईला थायरॉइडची गोळी आहे तर आहे असंच लिही. खासगी खोलीचा महागडा विमा एजंट गळ्यात मारायला बघेल, तुमच्या वयाला आत्ता त्याची गरज नाही. बाह्योपचारांचा साधा पूरक विमा बघ आणि त्यात एकच ओळ शोध: वाहतूक आणि सोडवणुकीचा किती टक्के खर्च देतात आणि वर्षाला कुठवर.

रेगाबद्दल तुला कुणीतरी सांगेलच. 1952 पासून हेलिकॉप्टरने माणसं सोडवणारी ही संस्था. वर्षाला चाळीसेक फ्रँक देऊन तिचे पाठीराखे होता येतं आणि विमा जो खर्च देत नाही तो रेगा माफ करू शकते. आम्ही पहिल्यापासून आहोत, तूही हो. पण हा विमा नव्हे, माफी द्यायची की नाही हे रेगाच्या मर्जीवर असतं, आणि 144 च्या रस्त्यावरच्या गाडीचं बिल त्यातून सुटेल असं समजू नकोस. व्हॅले कँटनमध्ये, झेरमाटच्या बाजूला, हेलिकॉप्टरसेवा दुसऱ्या कंपन्यांची आहे, हेही लक्षात ठेव.

दादा-वहिनी उन्हाळ्यात येतील तेव्हा त्यांना यातलं काहीच लागू नाही. शेंगेन व्हिसासाठी निदान 30,000 युरोचा प्रवास विमा लागतो, त्यावरच त्यांची सगळी भिस्त. दादाला बीपी आणि साखर दोन्ही आहे. बऱ्याच स्वस्त पॉलिसीत आधीपासूनचे आजार वगळलेले असतात. पुण्याहून पॉलिसी घेताना ते कलम तू स्वतः वाच आणि मदतीचा फोन नंबर दोघांच्या पाकिटात लिहून ठेव.

तुमच्या मूळ विम्यात एक बरं आहे. एका हॉस्पिटलात दाखल असताना पुढच्या उपचारांसाठी दुसऱ्या हॉस्पिटलात हलवावं लागलं, म्हणजे विंटरथूरहून झुरिचच्या विद्यापीठ रुग्णालयात, तर तो प्रवास दाखल उपचारांचाच भाग धरतात. त्याचं वेगळं बिल रुग्णाला येत नाही.

हे सगळं वाचून फोन करायलाच घाबरू नकोस, म्हणून हे शेवटी लिहिते. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, श्वास न मिळणं, छोटी निपचित पडणं, यातलं काहीही झालं तर लगेच 144. तिथे इंग्रजी चालतं. आधी पत्ता सांग, मग काय झालं ते. नुसता ताप असेल, रात्री काय करावं कळत नसेल, तर झुरिच कँटनचा एर्त्स्तेफोन आहे, 0800 33 66 55, चोवीस तास, फुकट. त्यावरची माणसं डॉक्टरकडे जायचं की सकाळपर्यंत थांबायचं ते सांगतात. रस्त्यात परका माणूस कोसळलेला दिसला तरीही 144 कर. जिवाला धोका असलेल्या माणसाला शक्य असून मदत न करणं हा इथल्या फौजदारी कायद्याच्या 128 व्या कलमाखाली गुन्हा आहे.

बिल आलंच तर ते फाईलमध्ये सरकवून ठेवू नकोस. मुदतीत भर, प्रत क्रांकेनकासेकडे पाठव, आणि एकदम भरणं जड जात असेल तर हप्ते मागून घे, विचारलं तर बहुतेक वेळा देतात. विम्याचे फॉर्म आले की सही करण्याआधी मला पाठव. जर्मन मी वाचून देईन. सूनबाईचा अर्ज पहिला भरा.

तुझी,
आत्या