विषाला पाणी पाजणारे विकर

सन २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली. काहींचे प्राण गेले. फवारलेल्या औषधांत फॉस्फरसयुक्त सेंद्रिय कीटकनाशकेही होती. ही द्रव्ये आपल्या शरीरातील एक विकर निकामी करतात. विकर म्हणजे सजीवांच्या पेशींत तयार होणारे व रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारे प्रथिन. चेतातंतूचा संदेश स्नायूला पोहोचला, की ॲसिटिलकोलिन हे संदेशवाहक द्रव्य लगेच मोडावे लागते. ते मोडणारे विकरच बंद पडले, तर संदेश थांबत नाहीत. स्नायू थरथरतात, श्वास कोंडतो.

विलक्षण गोष्ट अशी, की या विषावरचा एक तोडही विकरच आहे आणि त्याचा माग भाताच्या खाचरात लागला. भिलाईतील मरोद्याच्या अवतीभवती भातशेती आहे, तशीच ती फिलिपिन्समध्येही आहे. तेथील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत काम करणारे भारतीय शास्त्रज्ञ एन. सेतुनाथन व त्यांचे सहकारी योशिदा यांनी १९७३ साली खाचरातील एका जीवाणूची माहिती प्रसिद्ध केली. डायझिनॉन व पॅराथिऑन ही कीटकनाशके तो मोडत असे.

पुढे त्याच्या विकराचे कार्य उलगडले. विकराच्या गाभ्यातील धातूचे दोन अणू पाण्याच्या रेणूकरवी विषातील फॉस्फरसचा बंध तोडतात. यालाच जलअपघटन म्हणतात. शत्रूला ‘पाणी पाजणे’ हा वाक्प्रचार तुम्हांला ठाऊक आहेच. येथे तो शब्दशः खरा ठरतो! पॅराथिऑनपासून बनणाऱ्या पॅराऑक्सॉन या जहाल विषाचे हजारो रेणू विकराचा एक रेणू सेकंदात मोडतो.

तथापि क्लोरपायरिफॉसवर तेच विकर फार मंद चालते. एंडोसल्फान वेगळ्या कुळातले. त्यावर ते चालतच नाही. पॅराथिऑन मोडल्यावर उरणारे पॅरा-नायट्रोफिनॉलही अपायकारक असते. ते पचवायला दुसरे जीवाणू लागतात. शिवाय उघड्या मातीत विकर फार काळ टिकत नाही. म्हणून साठवलेल्या दूषित पाण्यावर त्याचा उपयोग अधिक. ऑस्ट्रेलियात मेंढ्यांना औषधी पाण्यात बुडवल्यानंतर उरणाऱ्या पाण्यासाठी अशाच एका विकराचा वापर झाला. फवारणी करणाऱ्याच्या अंगावर उडालेले द्रावण मात्र त्वचेतून आत शिरते. तेथे हातमोज्यांचे काम हे विकर करू शकत नाही.