घटक 4 : विद्यापीठाच्या ऑनलाइन सेवा आणि विद्यार्थ्याच्या हातातील मोबाइल

4.1 प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण अर्ज, विनंतीपत्र आणि स्मरणपत्र यांचा परिचय करून घेतला. हे सर्व लेखन कागदावर होत असे आणि कार्यालयाच्या खिडकीपलीकडे बसलेल्या कर्मचाऱ्याच्या हाती दिले जात असे. ती खिडकी आता बव्हंशी मोबाइलच्या पडद्यावर आली आहे. हा बदल कसा झाला, त्यात विद्यार्थ्याच्या पदरात काय पडले आणि कोणते ओझे नव्याने त्याच्या खांद्यावर आले, याचा विचार आपण या घटकात करणार आहोत. उदाहरणे मुख्यतः ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरातील घेतली आहेत.

या परिसराची निवड सहेतुक आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे. म्हणजे वाचणाऱ्या माणसांची वस्ती येथे जुनी आहे. तथापि येथील महाविद्यालये ज्या मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याची मुख्य कार्यालये फोर्ट आणि कलिना येथे. गुणपत्रिकेतील एक अक्षर दुरुस्त करून घ्यायचे, तरी डोंबिवलीच्या नोकरदार विद्यार्थ्याला एक दिवसाची रजा टाकावी लागे. लोकलने तासाहून अधिक प्रवास, मग रांग, आणि शेवटी ‘साहेब जेवायला गेले आहेत’ हे उत्तर. ऑनलाइन सेवांचे स्वागत का झाले, हे समजण्यासाठी ती रांग आठवणे पुरेसे आहे.

4.2 खिडकीकडून पडद्याकडे

महाराष्ट्रात मुक्त शिक्षणाची वाट 1989 मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने रुंद केली. मुंबई विद्यापीठाची दूरस्थ शिक्षणाची व्यवस्था तर 1971 पासूनची आहे. या दोन्ही ठिकाणी आरंभीचे मुख्य साधन छापील पुस्तक हेच होते. पुस्तक घरी, शंका संपर्कसत्रात, अशी ही रचना होती. 2001 मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले. पुढे त्याच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमामुळे गल्लीबोळांत संगणक केंद्रे उभी राहिली. अनेक प्रौढ विद्यार्थ्यांनी माऊस प्रथम हातात धरला तो तेथेच. विद्यापीठांचे प्रवेश अर्ज, प्रवेशपत्रे आणि निकाल संकेतस्थळावर येऊ लागले, तेव्हा हीच केंद्रे आणि शेजारची झेरॉक्सची दुकाने नवी ‘खिडकी’ बनली. मोबाइल स्वस्त झाला तशी ही मधली पायरीही पुष्कळ अंशी गळाली.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पूर्वी अर्जातील चूक कर्मचारी पाहत असे आणि रागावून का होईना, सांगत असे. आता विषयाचा संकेतांक निवडणे, छायाचित्र ठरावीक आकाराचे करणे, शुल्क भरून पावती जपणे, ही सर्व कामे विद्यार्थ्याची झाली. सेवा ऑनलाइन होते तेव्हा काम नाहीसे होत नाही; ते दुसऱ्या हातात जाते. ज्याच्या घरी एकच मोबाइल आहे आणि तो दिवसभर पतीच्या किंवा मुलाच्या हातात असतो, त्या विद्यार्थिनीला ओटीपी रात्री दहा वाजता विचारून घ्यावा लागतो. तोपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. सेवा आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ही विद्यार्थिनी क्वचितच असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

4.3 सन 2017 : पडद्यावरील मूल्यमापन

विद्यापीठाने तंत्रज्ञान कसे स्वीकारू नये, याचे उदाहरण आपल्याच विभागात घडले. मुंबई विद्यापीठाने 2017 च्या उन्हाळी परीक्षांसाठी सर्व उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरविले. कल्पना मुळात वाईट नव्हती. उत्तरपत्रिकेची प्रत यंत्राने टिपायची, आसन क्रमांक झाकायचा, परीक्षकाने केंद्रात बसून प्रश्नागणिक गुण नोंदवायचे आणि बेरीज यंत्राने करायची. यात बेरजेची चूक टळते आणि उत्तरपत्रिका कोणाची हे परीक्षकाला कळत नाही.

बिघडले ते वेळापत्रक. परीक्षा सुरू झाल्या तरी कंत्राटाची प्रक्रिया पूर्ण झालेली नव्हती. परीक्षकांच्या प्रशिक्षणाला आणि लहान प्रमाणावरील चाचणीला अवधीच उरला नाही. 477 परीक्षांच्या सुमारे 17 लाख उत्तरपत्रिका एकदम या यंत्रणेत आल्या. काही उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली, काही सापडेनात. कुलपती असलेल्या राज्यपालांनी 31 जुलैची मुदत घालून दिली. तीही उलटली आणि निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले. ऑक्टोबर 2017 मध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. विद्यापीठाच्या दीडशेहून अधिक वर्षांच्या इतिहासातील ही असाधारण घटना होय.

कल्याणच्या किंवा ठाण्याच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने या प्रकरणाचा अर्थ अगदी साधा होता. हातात गुणपत्रिका नाही, म्हणून पदव्युत्तर प्रवेश नाही. परदेशी विद्यापीठाची मुदत निघून गेली. ‘निकाल लागला की या’ असे सांगणाऱ्या नोकरीने दुसऱ्याला घेतले. त्याने स्वतः मोबाइलवर काहीही चुकीचे केले नव्हते. चूक त्याला न दिसणाऱ्या टोकाला होती, आणि त्या टोकाशी बोलण्याची खिडकी तर बंद झालेली होती.

4.4 ऑक्टोबर 2020

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि वर्ग मोबाइलवर भरू लागले. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्यात की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. परीक्षेविना पदवी देता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने 28 ऑगस्ट 2020 रोजी दिला. त्यानुसार ऑक्टोबरमध्ये बहुपर्यायी प्रश्नांच्या ऑनलाइन परीक्षा सुरू झाल्या. मुंबई विद्यापीठाच्या दूरस्थ शिक्षण संस्थेची यंत्रणा पहिल्याच आठवड्यात कोलमडली. विद्यापीठाने सायबर हल्ल्याचे कारण दिले आणि परीक्षा पुढे ढकलल्या.

त्यानंतर सोमवार, 12 ऑक्टोबर उजाडला. सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघे पट्ट्यातील वीजवाहिन्यांमधील बिघाडामुळे मुंबई, ठाणे आणि आसपासच्या मोठ्या भागातील वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या दिवशीच्या परीक्षाही पुढे गेल्या. कळवा आणि पडघे ही दोन्ही नावे आपल्याच जिल्ह्यातील. ‘ऑनलाइन’ हा शब्द आपल्याला हवेतला वाटतो. त्याच्या मुळाशी खांब, तारा आणि रोहित्रे असतात, हे त्या सकाळी सर्वांना दिसले.

मराठीच्या विद्यार्थ्यासाठी येथे आणखी एक प्रश्न उभा राहतो. कवितेचे रसग्रहण चार पर्यायांतून तपासता येईल काय? कवीचे टोपणनाव किंवा वृत्ताचे नाव विचारता येईल. ओळ आपल्याला का भिडली, हे विचारता येणार नाही. साधनाच्या सोयीने परीक्षेचे रूप बदलले की हळूहळू अभ्यासाचेही बदलते. तुम्ही या प्रश्नावर संपर्कसत्रात अवश्य चर्चा करा.

4.5 नाव, क्रमांक आणि श्रेयांक

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 मध्ये श्रेयांकांच्या शैक्षणिक पेढीचे नियम लागू केले. बँकेत पैसे जमा व्हावेत तसे तुमचे श्रेयांक या पेढीत जमा होतात आणि साधारणतः सात वर्षांपर्यंत वापरता येतात. संसारामुळे वा नोकरीमुळे शिक्षण अर्धवट सोडलेल्यांना ही तरतूद मोलाची आहे. पेढीचे खाते बहुतेकजण 2015 पासून सुरू असलेल्या डिजिलॉकरमधून उघडतात, आणि नेमकी येथेच गाडी अडते. डिजिलॉकरमधील नाव आधारवरून येते. विद्यापीठातील नाव दहावीच्या प्रमाणपत्रावरून आलेले असते. विवाहानंतर आडनाव बदललेल्या विद्यार्थिनीची ही दोन नावे जुळत नाहीत. पुरुषांच्या बाबतीत वडिलांच्या नावाचे रोमन स्पेलिंग घात करते.

म्हणून प्रवेश घेतानाच तीन कागद शेजारी ठेवून नाव अक्षराअक्षराने पडताळून पाहा : दहावीची गुणपत्रिका, आधार आणि विद्यापीठाचे ओळखपत्र. फरक आढळल्यास विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदलाची नोंद जोडून अभ्यासकेंद्रात लगेच लेखी अर्ज द्या. पदवी हाती येण्याच्या वर्षी ही धावपळ करणे फार त्रासाचे असते. कायम नोंदणी क्रमांक, म्हणजे ज्याला सर्वजण ‘पीआरएन’ म्हणतात तो, मोबाइलखेरीज वहीतही लिहून ठेवा. नोंदणीसाठी शक्यतो स्वतःचाच मोबाइल क्रमांक द्या. दुकानदाराचा कदापि देऊ नका.

4.6 पडद्यावरील मराठी

गृहपाठ मोबाइलवर लिहून पाठविणाऱ्यांसाठी थोडे लेखनाविषयी. जुन्या संगणकांवर श्री-लिपी, कृतीदेव यांसारख्या टंकांत लिहिलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की निरर्थक चिन्हे दिसतात. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच संकेतांक असल्याने ही अडचण येत नाही. मोबाइलचा मराठी कळफलक युनिकोडच वापरतो. मात्र आपला अर्धा ‘र’ तेथे सांभाळून लिहावा लागतो. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र; ‘आचाऱ्याला’ बोलावले तर स्वयंपाक होईल, ‘आचार्याला’ बोलावले तर व्याख्यान. पहिल्या रूपासाठी नुक्ता असलेला ‘ऱ’, त्यावर हलन्त आणि मग ‘य’, या क्रमाने कळा दाबाव्यात. आवाजावरून टंकलेखन केल्यास यंत्र ‘न’ आणि ‘ण’ यांची गल्लत करू शकते. मजकूर पाठविण्यापूर्वी एकदा मोठ्याने वाचा.

लोकलमध्ये अभ्यास करणाऱ्यांनी पाठाची ध्वनिफीत घरीच उतरवून घ्यावी. गाडीत संपर्क गेला की व्याख्यान नेमके महत्त्वाच्या वाक्यावर तुटते.

स्वाध्याय

1. तुमच्या अभ्यासकेंद्रातील पूर्वी खिडकीवर होणारे आणि आता मोबाइलवर होणारे एक काम निवडा. त्यातील कोणते श्रम कमी झाले व कोणते तुमच्याकडे आले, ते सुमारे 200 शब्दांत लिहा.

2. ऑनलाइन परीक्षा चालू असताना वीज गेली, अशी कल्पना करा. परीक्षा नियंत्रकांना त्याच दिवशी पाठवायचे पत्र तयार करा. दिनांक, वेळ, आसन क्रमांक आणि जोडलेला पुरावा यांचा उल्लेख त्यात असावा.

3. आपल्या घरातील किंवा शेजारच्या, मोबाइल न वापरणाऱ्या एका व्यक्तीशी बोला. तिला पदवी अभ्यासक्रमास प्रवेश घ्यायचा असल्यास कोठे कोठे अडेल, याची नोंद करा आणि ती पुढील संपर्कसत्रास आणा.