वार पडली, पहारा उठला!

गाय व्याली की घरातली जाणती माणसं वार पडेपर्यंत गोठ्यातून हलत नाहीत. बाळंतपणातही वार पडल्याशिवाय 'बाई सुटली' असं कोणी म्हणत नाही. पण नऊ महिने ही वार काय करीत होती? प्रत्येक नवरा-बायकोने हे समजून घ्यावे.

वारेचे काम

वार आईच्या रक्तातून बाळाला अन्न व प्राणवायू पोचवते. शिवाय ती संप्रेरके तयार करते. संप्रेरक म्हणजे रक्तातून फिरणारा निरोप्या.

१) एचसीजी : गर्भ रुजला की त्याच्या आवरणातून हे निघते. याच आवरणाची पुढे वार होते. 'गर्भ राहिला, पाळी येऊ देऊ नका' हा निरोप बीजकोशाला मिळतो. हेच लघवीत उतरते. म्हणून पाळी चुकली की आशाताईंकडच्या 'निश्चय' पट्टीवर लघवी तपासता येते.

२) प्रोजेस्टेरॉन : हे गर्भाशयाला शांत ठेवते. आधी ते बीजकोश पुरवतो. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास वार ते काम हाती घेते. शेळीचे तसे नाही, तिला शेवटपर्यंत बीजकोशच पुरवतो.

३) इस्ट्रोजेन : हे गर्भाशय वाढवते, स्तनांची दुधासाठी तयारी करते.

ही शेवटची दोन संप्रेरके रक्तात भरपूर असतात, म्हणून गरोदरपणी नवे बीज सुटत नाही. 'माला-एन' गोळीत याच जातीची औषधे अल्प प्रमाणात असतात. मात्र वार रात्रंदिवस राबते. गोळी आपणच आठवणीने रोज घ्यावी लागते.

वार पडल्यावर

वार पडताच ही संप्रेरके झपाट्याने उतरतात. म्हणून दोन-तीन दिवसांत छाती भरून येते. पण बीज अडवणारा पहाराही उठतो. मूल अंगावर पीत नसेल तर चार-पाच आठवड्यांतही बीज सुटू शकते. आणि बीज आधी सुटते, पाळी मागून येते. म्हणजे पाळी दिसण्याआधीच पुन्हा दिवस राहू शकतात!

"अंगावर दूध आहे तोवर भीती नाही," असं सासूबाई म्हणतात. हे खरं, पण तीन अटींवर : बाळ सहा महिन्यांच्या आतले हवे, त्याला रात्रंदिवस फक्त आईचेच दूध हवे आणि पाळी आलेली नसावी. एक अट मोडली की भरवसा संपला.

मग काय करावे?

• वार पडल्यापासून ४८ तासांत दवाखान्यातच तांबी बसवून घेता येते. ती वेळ गेली तर सहा आठवड्यांनी.
• अंगावर पाजत असाल तर सहा महिने 'माला-एन' घेऊ नका. दूध कमी होऊ शकते.
• निरोध केव्हाही वापरता येतो. पहारा एकट्या बाईनेच का द्यावा?

दोन मुलांत तीन वर्षांचे अंतर ठेवा. आईची झीज भरून निघते, बाळाला पोटभर दूध मिळते. पुढच्या पाळण्याचा विचार बाळंतपणाआधीच दोघांनी मिळून करा आणि नर्सबाईंना सांगून ठेवा.

वारेचा पहारा नऊ महिन्यांचा, पुढचा पहारा दोघांचा!